हिनासेची आजी आणि समोरचं बेट

माझी आजी जपानी होती. आजोबा साठच्या दशकात प्रशिक्षणासाठी ओकायामा प्रांतातल्या तामानो गावी, तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात गेले होते. आजी तिथेच हिशेबाच्या खात्यात कामाला होती. लग्न करून ती सदाशिव पेठेत आली आणि पुढचं सगळं आयुष्य पुण्याची झाली. तिचं मराठी तिने सासूकडून उचललेलं, त्यामुळे तिच्या बोलण्यात आमच्या आईच्या पिढीतही मागे पडलेले शब्द असत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून तिचं नाव बदललं होतं. ती गोष्ट ती हसत सांगायची, कारण नवं नाव तिने स्वतः निवडलं होतं.

ती गेली आणि तिचं माहेर बघायची माझी इच्छा थांबेना. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले होते, बोलण्याइतकं येत होतं. आजीची धाकटी बहीण अजून हिनासे या मासेमारीच्या गावात राहते. तिला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, "ओबोनला ये. तेव्हा घरात सगळे असतात." ओबोन म्हणजे पितरांचे दिवस, 13 ते 16 ऑगस्ट. चार दिवस आधी निघाले, म्हणजे ओकायामा शहरही बघून होणार होतं.

शनिवार, ओकायामा

मुंबई, बँकॉक, ओसाका. विमानतळावरून शिन-ओसाका आणि तिथून शिन्कान्सेनने पाऊण तासात ओकायामा. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे, सोबत कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी. पीचमधून जन्मलेल्या या मुलाची गोष्ट आजी मला झोपताना सांगायची. तिच्या गोष्टीत मोमोतारो दैत्यांशी लढायला निघताना शिदोरीला भाकरी न्यायचा. स्टेशनातल्या दुकानात किबिदांगो, म्हणजे पिठाचे मऊ गोड गोळे दिसले, मोमोतारोची खरी शिदोरी ती. दोन खोके घेतले, एक हिनासेसाठी आणि एक पुण्यासाठी.

उन्हाळा भयंकर होता. रात्री नऊलाही भिंती तापलेल्या होत्या. लवकर झोपले.

रविवार, कोराकुएन

पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरची ओकायामा बाग माहीत असते. पु. ल. देशपांडे उद्यान हे तिचं अधिकृत नाव. लहानपणी आजीबरोबर मी तिथे अनेक रविवार काढले आहेत. ती बाग ज्या मूळ बागेच्या धर्तीवर केली, ती ही कोराकुएन. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये काम सुरू करवलं आणि 1700 मध्ये ते पूर्ण झालं. आराखडा आणि देखरेख त्याच्या विश्वासातल्या त्सुदा नागातादाची. जपानच्या तीन थोर बागांमध्ये हिची गणना होते, उरलेल्या दोन कानाझावाला आणि मितोला आहेत.

स्टेशनवरून ट्रामने गेले आणि नदीवरचा पूल ओलांडून सकाळीच आत शिरले. पहिली नजर गेली ती मोकळेपणावर. जपानी बागेत इतकी रुंद हिरवळ सहसा नसते. इथे तेरा हेक्टरांवर बाग पसरलेली आहे, मध्ये मोठं तळं, एका बाजूला छोटी टेकडी, आणि सगळीकडून वाहणारा नितळ पाण्याचा ओहोळ. र्‍युतेन नावाच्या मंडपात तर ओहोळ थेट जमिनीच्या मधोमध वाहतो. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर लोक पाय सोडून बसले होते. मीही बसले. पुण्याच्या बागेतल्या ओहोळाकाठी आजी कायम का घुटमळायची, ते इथे बसल्यावर समजलं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती बागेतली शेती. सरदाराच्या बागेत चहाचा मळा आहे आणि भाताची खाचरंही आहेत. ऑगस्टमध्ये भात हिरवागार डोलत होता. पुढच्या बाजूला मोठ्या पिंजऱ्यात लाल डोक्याचे तांचो करकोचे आहेत. युद्धानंतर इथे एकही करकोचा उरला नव्हता. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी विद्वान गुओ मोरुओ यांनी 1956 मध्ये दोन करकोचे पाठवले, त्यानंतर बागेत पुन्हा त्यांचा आवाज आला. दोन देश एकमेकांच्या रक्ताने माखून जेमतेम अकरा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की त्या भेटीची किंमत कळते.

नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. ओकायामाचे लोक त्याला कावळ्यांचा किल्ला म्हणतात. मूळ मनोरा 1597 चा, पण 29 जून 1945 च्या पहाटे अमेरिकी विमानांनी शहर जाळलं त्यात तोही गेला. त्या एका हल्ल्यात सतराशेहून अधिक माणसं मेली. आजचा मनोरा 1966 साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. मूळचं टिकलेलं हवं असेल तर कोपऱ्यातला चंद्रदर्शनाचा बुरूज बघावा, तिथे गर्दी नसते. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. हिनासेहून पश्चिमेचं आकाश लाल दिसत होतं, एवढंच ती सांगायची. बाकीचं ती कधीच बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सोमवार, कुराशिकी

ट्रेनने सतरा-अठरा मिनिटं. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं सुंदर आहेत, पण सुट्टीचा दिवस असल्याने गर्दी होती. मला खिळवून ठेवलं ते ओहारा संग्रहालयाने. सूतगिरणीचे मालक ओहारा मागोसाबुरो यांनी कोजिमा तोराजिरो या चित्रकाराला युरोपात चित्रं विकत घ्यायला पाठवलं होतं. चित्रकार 1929 मध्ये वारला आणि त्याच्या आठवणीत पुढच्याच वर्षी हे संग्रहालय उघडलं. पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं ते पहिलं. एल ग्रेकोचं चित्र एका छोट्या शहरात, कालव्याकाठी, असं समोर येतं याचं नवल वाटलं. 1889 ची लाल विटांची गिरणीही शेजारीच उभी आहे, वेलींनी झाकलेली. संध्याकाळी ओकायामाला परत.

मंगळवार, इम्बे आणि हिनासे

ओकायामाहून आको मार्गाची गाडी पूर्वेला जाते. वाटेत इम्बेला उतरले, कारण आजीच्या स्वयंपाकघरात एक तांबूस-तपकिरी पेला होता, तो इथला. इथल्या भांड्यांना बिझेनची भांडी म्हणतात. ती आपल्या माठासारखी, त्यांना वरून लुकण नसतं. भातशेताखालून काढलेली चिकट माती महिनोन् महिने मुरवतात, घडवलेलं भांडं वाळवतात आणि मग लाल पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस अखंड भाजतात. राख उडून बसली की तिळासारखे ठिपके उठतात, भाताचा पेंढा गुंडाळलेला असेल तर तिथे लाल रेघा. कुठलं भांडं कसं निघेल ते भट्टी उघडल्याशिवाय कुंभारालाही ठाऊक नसतं. गावभर विटांची धुरांडी आहेत. देवळाच्या दारातले सिंहसुद्धा याच मातीचे.

एका दुकानातल्या बाईंना आजीच्या पेल्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "वापरता ना? वापरा. वापरल्याशिवाय चमक येत नाही."

पुढे चार स्टेशनांवर हिनासे. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट धक्का आणि समुद्र. दाराशी हिनासेची आजी उभी होती, हातात छत्री, सोबत तिचा मुलगा. तो मला काका लागतो. ऑयस्टरची शेती करतो. तिने माझे दोन्ही हात धरले, चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, "कपाळ ताईचं आहे."

संध्याकाळी काकाने बोटीतून फिरवलं. पाण्याखाली दिसणाऱ्या गवताच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून तो सांगत होता. याला अमामो म्हणतात. माशांची पिल्लं यातच वाढतात. पूर्वी इथला तळ या गवताने भरलेला होता, 1985 मध्ये जेमतेम 12 हेक्टर उरलं. तेव्हापासून हिनासेचे कोळी दर वर्षी बिया गोळा करून समुद्रात पेरत आले आहेत. काकाच्या वडिलांनी पेरलं, तो पेरतो, गावच्या शाळेतली मुलं पेरतात. आता शेकडो हेक्टर परत आलं आहे. समुद्रात पेरणी करणारे कोळी मी पहिल्यांदाच पाहत होते. कोकणातल्या आपल्या मच्छीमारांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी, असं मला फार मनापासून वाटलं.

बेटांची नावं तो एकेक करून सांगत होता. काकुइ, काशिरा, ओताबु. काकुइला मुख्य भूमीशी जोडणारा पूल 2015 मध्ये झाला. नैऋत्येला लांबट आकाराचं आणखी एक बेट दिसत होतं. "आणि ते?" मी विचारलं. "नागाशिमा," म्हणून त्याने बोट वळवली.

बुधवार, ओबोनचा पहिला दिवस

सकाळी सहाला टेकडीवरच्या स्मशानात गेलो. ऊन चढायच्या आत सगळं आटपायचं असतं. बादली, लाकडी पळी, घासणी, फुलं, उदबत्त्या. इथे घराण्याचं एकच थडगं असतं, आत अस्थी. आधी गवत उपटलं, शेवाळ घासून काढलं, मग दगडावर पळीने पाणी ओतलं. हिनासेची आजी दगडाशी बोलत होती, "ताईची नात आली आहे, भारतातून." मी आजीच्या थोड्या अस्थी पुण्याहून आणल्या होत्या. गेल्या गेल्याच बाबांनी त्यासाठी कागदपत्रं करून ठेवली होती. दुपारी पुजारी आले, मंत्र म्हटले आणि त्या अस्थी तिच्या आईवडिलांशेजारी ठेवल्या गेल्या. मी रडले. हिनासेची आजी रडली नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थडग्याच्या बाजूला एक उभी पाटी असते, तिच्यावर गेलेल्यांची मरणोत्तर नावं, खरी नावं, वर्ष आणि वय कोरलेलं असतं. मी ती वाचत गेले. पणजोबा, पणजी, युद्धात गेलेला एक भाऊ. आजी नेहमी म्हणायची, "आम्ही चार भावंडं." ती स्वतः, हिनासेची आजी आणि हा भाऊ. चौथ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तिथेच विचारलं. काकाने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "उद्या सांगते. आज पाहुणे घरी यायचे आहेत." पाहुणे म्हणजे पितर.

घरी देव्हाऱ्यापुढे पीच, द्राक्षं आणि वाफाळता भात मांडला. आपल्याकडे पान वाढून कावळ्याची वाट बघतात. इथे दारात छोटा जाळ करतात, वाट दिसावी म्हणून.

गुरुवार

हिनासेच्या आजीने बाराझुशी करायला घेतली. ओकायामाचा सणाचा भात. व्हिनेगर घातलेला भात वारा घालत निववायचा आणि त्यावर सावारा मासा, कोळंबी, कमळाचे देठ, शिइताके अळंबी, अंड्याच्या बारीक पट्ट्या रचायच्या. सावारा ही आपल्या सुरमईचीच जात, त्यामुळे चव ओळखीची लागते. असं सांगतात की इकेदा सरदाराने साधेपणाचा हुकूम काढला होता, जेवणात एक सार आणि एकच पदार्थ. मग लोकांनी सगळे पदार्थ भातातच घातले. मी पंख्याने भात निववत होते आणि ती देठ चिरत होती. चिरता चिरताच ती बोलायला लागली.

सगळ्यात मोठा भाऊ 1928 चा. तेराव्या वर्षी त्याच्या हातावर डाग दिसले, बोटांची जाणीव गेली. 1942 च्या हिवाळ्यात पोलीस आणि आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याला बोटीने नागाशिमाला नेलं. घर आतून-बाहेरून जंतुनाशकाने पांढरं केलं, सगळ्या गावासमोर. त्यानंतर कुणी आमची मासळी घेईना. ती स्वतः तेव्हा दोन वर्षांची होती, भावाचा चेहराही तिला आठवत नाही. पणजोबा अधूनमधून बोट घेऊन त्या बेटाच्या बाजूला जायचे, जाळं न टाकता थोडा वेळ थांबायचे आणि परत यायचे. तो 1971 मध्ये तिथेच गेला. राख आणायला कुणी गेलं नाही. आणली असती तर पाटीवर नाव कोरावं लागलं असतं.

"आणि ताईचं लग्न?" ती म्हणाली. "आमच्या घरातली मुलगी कोण करणार? दोन ठिकाणी ठरून मोडलं. चौकशी करणारा माणूस गावात येऊन जायचा आणि मग निरोप यायचा. तुझ्या आजोबांना तिने स्वतः सांगितलं, तामानोच्या धक्क्यावर. ते म्हणाले, आमच्याकडेही हा रोग आहे आणि आमच्याकडे एक माणूस या लोकांबरोबर राहून शेती करतो आहे."

मी पंखा खाली ठेवला. आमच्या घरी दर दिवाळीला आनंदवनाची शुभेच्छापत्रं यायची. आजोबा दर वर्षी पैसे पाठवत, ते गेल्यावर आजी पाठवायची, न चुकता. आमच्या घरची एक चांगली सवय, एवढंच मी त्याकडे पाहत आले होते. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं केलं, हे शाळेत शिकलेलं. त्याचा धागा असा इथल्या सेतो समुद्रापर्यंत, माझ्या आजीच्या लग्नापर्यंत येतो, हे मला चोविसाव्या वर्षी, एका जपानी स्वयंपाकघरात कळलं.

मी म्हणाले, "मला नागाशिमाला जायचं आहे." तिने अंड्याच्या पट्ट्या भातावर पसरल्या. "ओबोन होऊ दे," म्हणाली.

शुक्रवार, शनिवार

15 ऑगस्टला दुपारी बारा वाजता टीव्हीवर युद्धसमाप्तीच्या दिवसाचं मौन होतं. घरात सगळे उभे राहिले. संध्याकाळी मैदानात बोनचा नाच, मधल्या मचाणावर ढोल, भोवती गोल. शेजारणीने मला आपला सुती किमोनो नेसवला. शनिवारी पितरांना निरोप दिला. रविवारी सगळे दमून झोपले होते, मी धक्क्यावर बसून होते.

सोमवार, वाशूझान

काकाला कोजिमाला काम होतं, त्याच्याबरोबर गेले. कोजिमा म्हणजे जीन्सचं गाव. समुद्र हटवून मिळवलेल्या खारट जमिनीत भात येईना, कापूस येई, म्हणून इथे विणकाम रुजलं. मग शाळेचे गणवेश आणि 1965 पासून जपानमध्ये शिवलेल्या पहिल्या जीन्स. जवळच वाशूझानची टेकडी आहे. वरून सेतो महापूल दिसतो, बेटाबेटांवर पाय टेकत पलीकडच्या शिकोकू या मोठ्या बेटापर्यंत गेलेला, सुमारे 13 किलोमीटर, वर मोटारी आणि खाली रेल्वे. एप्रिल 1988 मध्ये सुरू झाला. काका म्हणाला, "हा बघून ठेव. उद्याचा पूलही त्याच वर्षीचा."

मंगळवार, नागाशिमा

संग्रहालयाला फोन करून वेळ घेतली होती. हिनासेच्या आजीने सकाळी तिची चांगली टोपी घातली आणि गाडीत येऊन बसली. कुणी काही विचारलं नाही. पाऊण तासाचा रस्ता.

नागाशिमा आणि मुख्य भूमी यांच्यात सगळ्यात अरुंद जागी समुद्र फक्त 30 मीटर आहे. पलीकडच्या माणसाशी बोलता येईल इतकं अंतर. लोक पोहून पळायचा प्रयत्न करत, आणि ओढीच्या प्रवाहात काही बुडत. या 30 मीटरांवर पूल व्हावा म्हणून बेटावरच्या रहिवाशांनी 17 वर्षं झगडा दिला आणि तो मे 1988 मध्ये मिळाला. माणूसपण परत मिळवण्याचा पूल, असं त्याला म्हणतात. आदल्या दिवशी 13 किलोमीटरांचा पूल पाहिला होता, त्यामुळे हा ओलांडताना मला राग आला. मामा-आजोबा 1971 मध्ये गेले. त्यांनी हा पूल पाहिला नाही.

नागाशिमा आइसेइएन 1930 मध्ये स्थापन झालं, देशातलं पहिलं राष्ट्रीय कुष्ठरोगगृह. 1931 च्या कायद्याने सगळ्याच रोग्यांना पकडून आणायची मुभा मिळाली आणि प्रांताप्रांतांत आपला प्रांत रोगमुक्त करण्याची चढाओढ लागली. एके काळी इथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. जुन्या कार्यालयाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. बेटाची प्रतिकृती आहे, त्यात कर्मचाऱ्यांचा भाग आणि रोग्यांचा भाग वेगळा दाखवला आहे. बेटावरच चालणारी नाणी आहेत. खरे पैसे आल्या आल्या काढून घेत, म्हणजे पळून जाता येऊ नये. आलेल्याला जंतुनाशकाच्या पाण्यात अंघोळ घालत, सामान निर्जंतुक करत, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून नवं नाव घ्यायला सांगत. तांदळावर लिहिलेलं आजीचं नाव मला आठवलं. तिच्या थोरल्या भावाचंही नाव बदललं होतं, आणि त्याच्या घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता.

लग्नाला परवानगी होती, पण पुरुषाने नसबंदी करून घेतली तर. डोळे गेलेले आणि बोटांची जाणीव हरपलेले लोक ब्रेल जिभेने वाचायला शिकले. एका फोटोत एक माणूस पुस्तकावर वाकलेला आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ होते. तिथल्या अंध रहिवाशांनी हार्मोनिकाचा वाद्यवृंदही काढला होता, बाहेरगावी जाऊन कार्यक्रम केले होते. या माणसांची फक्त कीव करून निघून जाता येत नाही.

सगळ्यात जास्त बोचलं ते तारखांचं. युद्धानंतर लगेच प्रोमिन हे औषध जपानमध्ये आलं, रोग बरा व्हायला लागला. तरी 1953 मध्ये विलगीकरणाचा नवा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला 1996 उजाडलं. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाविरोधी ठरवलं. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने घरच्यांचंही नुकसान मान्य केलं आणि त्या वर्षी कायदा झाला. आईवडील, नवरा-बायको आणि मुलांना 18 लाख येन, भावंडांना 13 लाख येन. आपण याकडे वरून पाहण्याचं कारण नाही. आपल्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं तेही 2019 मध्येच.

संग्रहालयातल्या बाईंना मी आनंदवनाबद्दल सांगितलं. तिथल्या महाविद्यालयात बाहेरगावची मुलं शिकायला येतात हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, "बाहेरची? त्या काळातही?" मग त्यांनी बंदर दाखवलं. काँक्रीटचा छोटा धक्का, अर्धा समुद्रात. आईवडिलांना इथपर्यंतच येता येई. मग टेकडीवरचं अस्थिगृह. साडेतीन हजारांहून अधिक लोकांच्या अस्थी तिथे आहेत, कारण त्यांच्या घरच्यांनी नेल्या नाहीत.

हिनासेच्या आजीने पिशवीतून घरचे पीच काढले, उदबत्त्या लावल्या. मग मोठ्याने, आजूबाजूला माणसं असताना, भावाचं नाव घेतलं. बेटावरचं घेतलं नाही, घरातलं घेतलं. आडनावासकट. काकाने ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो साठीचा आहे.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "2019 मध्ये टीव्हीवर सांगत होते. मी बंद केला."

बुधवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी न्याहारीला खाली आले तर काका टेबलावर छापील कागद घेऊन बसला होता. भरपाईच्या अर्जाची मुदत नोव्हेंबर 2029 पर्यंत वाढवली आहे, हे त्याने रात्री शोधून काढलं होतं. हिनासेची आजी म्हणाली, "पैसे मला नकोत. पण यात एक रकाना आहे, त्यात भावाचं नाव लिहावं लागतं आणि आपलं नातं लिहावं लागतं. ते मी लिहिणार." तिने चष्मा लावला आणि ब्रश-पेनने सावकाश लिहिलं. कागद खराब होऊ नये म्हणून आधी वर्तमानपत्रावर दोनदा लिहून पाहिलं होतं.

मी विचारलं, "पैसे आले तर?"

"दगडवाल्याला द्यायचे, पाटीवर कोरायला. अस्थिगृहातून अस्थी मिळतील का ते पुजाऱ्यांना विचारायला सांगितलं आहे. उरतील ते तू तुझ्या आजोबांच्या त्या माणसाच्या गावाला पाठव."

ओकायामाच्या गाडीत बसल्यावर बाबांना फोन केला. आजीला आणखी एक भाऊ होता हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आनंदवनाला जाणाऱ्या पैशांचं कारणही नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं, उच्चार नीट यावा म्हणून, आणि पुढच्या ओबोनला आपण दोघं जाऊ असं म्हणाले.